सीमेवरचं फील्डवर्क आखताय? या चुका टाळा

भारत-बांगलादेश सीमेवर राष्ट्रवाद आणि राज्यसत्तेचा अभ्यास करायला निघालेले बरेच आराखडे काटेरी कुंपणापाशी सुरू होतात आणि तिथेच अडकतात. पश्चिम बंगालमधल्या कूचबिहारचे छिटमहाल घ्या. चहूबाजूंनी दुसऱ्या देशाने वेढलेले हे भूभाग ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री एकमेकांना दिले गेले: भारताचे १११ बांगलादेशात, बांगलादेशाचे ५१ भारतात. तिथल्या माणसाला सरकार भेटतं ते भूमी कार्यालयात, रेशन दुकानात आणि शाळेच्या दाखल्यावर. कुंपणाचे फोटो कमी काढा (तसेही ते काढू देत नाहीत) आणि खतियान, म्हणजे तिकडचा सातबारा, वाचायला शिका.

व्हिसा. टुरिस्ट व्हिसावर पलीकडे जाऊन मुलाखती घेऊ नका. पकडले गेलात तर तुम्हाला परत पाठवतील. तुमच्याशी बोललेला माणूस मात्र तिथेच राहतो. आधी तिथल्या विद्यापीठाचं यजमानपत्र, मग संशोधन व्हिसा, हा क्रम ठेवा आणि त्यासाठी किमान सहा महिने धरा. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्तापालट झाल्यावर भारताने बांगलादेशींना व्हिसा देणं बरंच आवरतं घेतलं. उद्या तिकडूनही तसंच होऊ शकतं. तेव्हा पलीकडे जाता आलंच नाही तरी एका बाजूच्या कामावर प्रबंध उभा राहील, अशीच आखणी हवी.

थेट प्रश्न. ‘तुम्ही स्वतःला भारतीय मानता का?’ याला उत्तर एकच मिळणार, तेही छापील. त्याऐवजी विचारा: २०१५ आधी मुलांना शाळेत कसं घातलं? आजारी माणसाला दवाखान्यात कोणाच्या पत्त्यावर दाखल केलं? इथे गोष्ट उघडते. छिटमहालातली माणसं तेव्हा कागदावर भारतीय नव्हती, म्हणून तिथल्या कित्येक मुलांच्या दाखल्यावर बापाच्या जागी शेजारच्या भारतीय गावातल्या कुणाचं तरी नाव लागलं होतं. पुढे तेच नाव इतर कागदांवर चढलं आणि आता खरा बाप कागदावर आणायचा तर सगळी साखळीच हलते.

टिपणं. वरची हकीकत नावगावासकट वहीत लिहिलीत, तर ती वही म्हणजे त्या मुलाविरुद्धचा पुरावा. म्हणून नावांऐवजी खुणांचे आकडे वापरा आणि कोणता आकडा कुणाचा, ही यादी जिल्ह्याबाहेर ठेवा. गावांची नावंही बदला, पण ती बदलताना छिटमहालाचा क्रमांक तसाच सोडला तर काही उपयोग नाही. संमती तोंडी घ्या. सही-अंगठ्याचा कागद इथे धास्ती निर्माण करतो, त्यामुळे तोंडी संमतीचं कारण (संशोधनाला मंजुरी देणाऱ्या) नीतिसमितीच्या अर्जातच मांडा. ऑक्टोबर २०२१ पासून पश्चिम बंगालमध्ये सीमा सुरक्षा दलाचं झडती-जप्तीचं कार्यक्षेत्र सीमेपासून १५ ऐवजी ५० किलोमीटर आतपर्यंत आहे. दिनहाटा, मेखलीगंज, हल्दीबारी ही गावं त्यातच येतात. म्हणजे मुक्कामाच्या खोलीवर वही सुरक्षित असेल, हे गृहीत धरू नका. लॅपटॉप एन्क्रिप्ट करा, रेकॉर्डिंग त्याच रात्री त्यावर उतरवून फोनमधून पुसा.

ओळखीचा जवान. चौकीवर साताऱ्या-कोल्हापूरकडचा कुणी भेटला की मराठीत गप्पा रंगतात, चहा होतो. गाव ते बघत असतं. दुसऱ्या दिवसापासून गुरांची तस्करी सोडाच, हाटातल्या भावावरही कुणी बोलत नाही. जिल्हा प्रशासनाला आणि दलाला लेखी कळवा, पत्राची प्रत जवळ ठेवा, चहा टाळा.

कुंपणापलीकडचं शेत. कुंपण बऱ्याच ठिकाणी सीमारेषेपासून सुमारे १५० यार्ड आत आहे, त्यामुळे भारतीय शेतकऱ्यांची शेतं त्याच्या पलीकडे राहतात. दारं ठराविक वेळीच उघडतात आणि ओळखपत्राची नोंद होते. ‘मलाही शेतावर न्या’ असा हट्ट शेतकऱ्यापाशी धरू नका. तुम्ही वेळेत परतला नाहीत तर जाब त्याला द्यावा लागतो. लेखी परवानगी नसेल तर दाराच्या अलीकडे थांबून कोण कधी गेलं, काय घेऊन आलं, कुणाला अडवलं, एवढंच टिपा.

दुभाषी त्याच गावातला नको, कारण त्याचाच जमिनीचा वाद निघू शकतो. पण कोलकात्याची बंगाली बोलणाराही चालणार नाही. राजबंशी ही तिथली बोली कळणारा, शेजारच्या तालुक्यातला माणूस शोधा आणि त्याचे पैसे बजेटमध्ये मुळातच धरा.