योद्धा पात्रांसाठी पूरक नियमपुस्तिका कशी लिहावी

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत पाचव्या लेव्हलला विझार्डच्या (जादूगाराच्या) हाती फायरबॉल हा अग्निगोळ्याचा स्पेल (मंत्र) येतो: वीस फूट त्रिज्येतील प्रत्येकावर आठ सहाबाजू फासे, म्हणजे सरासरी २८ डॅमेज (इजा). त्याच लेव्हलला फायटरला (योद्ध्याला) मिळतो तो दुसरा हल्ला. ही तफावत पाहून बहुतेक हौशी लेखक फायटरचे डॅमेज वाढवत सुटतात, आणि तेथेच पुस्तिका वाया जाते. एकाच शत्रूवर सलग वार करण्यात योद्धा मुळातच कमी पडत नाही. कमी पडतात ते त्याच्यासमोरचे पर्याय. फेरीमागून फेरी ‘मी पुन्हा मारतो’ यापलीकडे खेळाडूला काही ठरवताच येत नसेल, तर त्यावर अधिक मोठा फासा हा उपाय नव्हे. आपली पुस्तिका निर्णय देणारी असावी, एवढे मनाशी पक्के करून मगच पुढे जावे.

प्रथम आधारभूत नियम निवडावेत. २०१४ च्या नियमांवर लिहायचे की २०२४ च्या, हे आधीच ठरवावे, कारण २०२४ च्या नियमांत प्रत्येक शस्त्राला ढकलणे, पाडणे, वेग कमी करणे असे गुण आधीच जोडलेले आहेत आणि तेच परिणाम तुम्ही पुन्हा दिलेत तर एका वारात दोनदा ढकलले जाणारे राक्षस दिसू लागतील. पुढील आकडे २०१४ च्या नियमांचे आहेत.

नंतर डावपेचांची, म्हणजे योद्ध्याला लढाईत निवडता येतील अशा खास कृतींची, यादी करावी. दहा-बारा पुरेत, चाळीस डावपेचांची यादी खेळाडू वाचत नाहीत. येथे एकच पथ्य कटाक्षाने पाळावे: जी गोष्ट कोणीही करून पाहू शकतो, तिचा डावपेच बनवू नये. ‘डोळ्यांत वाळू फेकणे’ हा डावपेच छापला गेला की त्याच क्षणी तो न घेतलेल्या प्रत्येक पात्राला वाळू फेकण्याची मनाई होते, कारण डंजन मास्टर (खेळ चालवणारा) म्हणणार, ‘ते तुझ्या यादीत नाही.’ डावपेचाने नवे दार उघडावे, किंवा सर्वांना अवघड असलेली गोष्ट खात्रीची करावी.

आता खरी अवघड पायरी: किंमत. माझा सर्वाधिक वेळ येथेच खर्च झाला आहे आणि ‘खेळून पाहा, जमेल आपोआप’ हा सल्ला मला येथेच सर्वांत निरुपयोगी वाटतो. आधी कागदावर पायाभूत आकडा काढावा. पाचव्या लेव्हलचा फायटर, ताकदीचा बोनस ४, प्रॉफिशियन्सी (कौशल्याचा बोनस) ३, हाती दोन्ही हातांची मोठी तलवार आणि समोर आर्मर क्लास (वार लागण्यासाठी वीसबाजू फासा आणि बोनस यांची लागणारी बेरीज) १५ चा शत्रू, असे गृहीत धरा. वार लागण्याची शक्यता ६५ टक्के, लागलेल्या वाराचे सरासरी डॅमेज ११; दोन वार आणि क्रिटिकलचा (फाशावर वीस आल्यास मिळणाऱ्या दुप्पट फाशांचा) अल्प वाटा धरून फेरीला सुमारे १५. आता कोणी ‘प्रत्येक फेरीत एका वाराला आठबाजू फाशाचे जादा डॅमेज, खर्च काही नाही’ असा निरुपद्रवी वाटणारा डावपेच लिहिला, तर हा आकडा १९ च्या आसपास जातो, म्हणजे चौथ्या हिश्शाहून अधिक वाढ, आणि तीही कसलाही निर्णय न घेता. असा डावपेच बिनदिक्कत खोडावा.

डॅमेज न देणारे परिणाम मोजणे याहून कठीण, कारण त्यांची किंमत दुसऱ्यांच्या फाशांत दडलेली असते. शत्रूला खाली पाडले की पाच फुटांच्या आतून त्याच्यावर होणाऱ्या हल्ल्यांना अॅडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेणे) मिळतो आणि ६५ टक्क्यांची शक्यता जवळपास ८८ वर जाते. शेजारी तसाच दुसरा योद्धा उभा असेल, तर त्याच्या फेरीत साडेपाचाहून थोडी अधिक भर पडते. मात्र लांबून बाण मारणाऱ्याला त्याच शत्रूवर डिसअॅडव्हांटेज (दोन फाशांतला लहान आकडा घेणे) येतो आणि त्याची शक्यता ४२ टक्क्यांवर घसरते. म्हणून पाडण्याचा डावपेच गटानुसार वरदान ठरतो किंवा भांडणाचे कारण. त्याची किंमत केवळ पाडणाऱ्याचे पात्र पाहून ठरवू नये.

दुसरा सापळा दुहेरी अडथळ्याचा. ‘वार लागला तर शत्रूने सेव्हिंग थ्रो करावा’, म्हणजे परिणाम टाळण्यासाठी फासा टाकावा, असे लिहिणे साहजिक वाटते, पण वार लागण्याची शक्यता ६५ टक्के आणि थ्रो चुकण्याची ५० धरली, तर डावपेच तीनांत एकदाच साधतो. खर्च आधीच वजा होत असेल, तर खेळाडू दोन लढायांत तो वापरणे सोडून देतो. एक तर अडथळा एकच ठेवावा, किंवा वार लागल्यावरच खर्च करायचा की नाही हे ठरवू द्यावे. मी दुसरा मार्ग पसंत करतो.

खर्च कशातून करायचा, याबाबतीत माझे मत ठाम आहे: ‘दिवसातून एकदा’ हे शब्द योद्ध्याच्या पुस्तिकेत येऊच नयेत. तासाभराच्या शॉर्ट रेस्टवर (लहान विश्रांतीवर) भरणारा, डावपेचांवर खर्चायचा साठाही कागदावरच समतोल असतो, कारण पुष्कळ टेबलांवर दिवसाला एकच मोठी लढाई होते, शॉर्ट रेस्ट कोणी घेत नाही, आणि विझार्ड मात्र आपले सगळे स्पेल त्याच लढाईत रिकामे करतो. त्यापेक्षा इनिशिएटिव्ह (लढाईच्या आरंभी पाळ्यांचा क्रम ठरवणारा फासा) टाकताच भरणारा दोन-तीन फाशांचा लहान साठा द्यावा आणि लढाई संपताच उरलेले फासे वाया जाऊ द्यावेत. त्यामुळे साठवून ठेवण्याचा मोह उरत नाही. यासोबत प्रत्येक डावपेच अॅक्शन (पाळीतील मुख्य कृती), बोनस अॅक्शन (पाळीतील जोडकृती) की रीअॅक्शन (बहुधा दुसऱ्याच्या पाळीत दिलेली प्रतिक्रिया) यांपैकी काय खातो, हे लिहावेच लागते. दोन शस्त्रांनी लढणाऱ्याची बोनस अॅक्शन आधीच गुंतलेली असते. रीअॅक्शन मात्र बहुतेक योद्ध्यांची पुष्कळ फेऱ्यांत न वापरताच जाते, म्हणून निम्मे डावपेच तेथे ठेवावेत. शत्रूच्या पाळीत योद्ध्याला करण्यासारखे काही मिळाले की खेळाडू फोनवरून नजर उचलतो.

लेखन सरळ आहे: केव्हा, खर्च, परिणाम, कधीपर्यंत, या क्रमाने.

चाचणीसाठी तीन लढाया पुरतात: एकच बलाढ्य शत्रू, लहान शत्रूंची झुंड, आणि उडणारा शत्रू. प्रत्येक लढाई पुस्तिकेसह एकदा आणि तिच्याविना एकदा खेळवावी. ती दुसऱ्या डंजन मास्टरने चालवावी आणि लेखकाने तोंड उघडू नये. जेथे खुलासा करावासा वाटेल, तेथे मजकूर अपुरा आहे असे समजून खूण करावी.

प्रकाशित करायचे असल्यास, जानेवारी २०२३ मध्ये सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१ (खेळाच्या मूळ नियमांचा दस्तऐवज) क्रिएटिव्ह कॉमन्स अॅट्रिब्यूशन ४.० परवान्याखाली खुले झाले आहे; श्रेयाचा ठरलेला मजकूर दिला की त्यातील नियम व्यावसायिक पुस्तिकेतही वापरता येतात. मात्र फायटरचा त्यात फक्त चॅम्पियन हाच उपवर्ग आहे. बॅटल मास्टर या फायटरच्या दुसऱ्या उपवर्गाचे डावपेच त्यात नाहीत, तेव्हा त्यांचा मजकूर उचलू नये. आपल्या डावपेचांची नावे आणि शब्द आपलेच असावेत.