भातावरचा खोडकिडा: पतंग दिसला की तारीख लिहून ठेवा

फुटव्याचा मधला पोंगा, म्हणजे गुंडाळलेले कोवळे पान, सुकलेला दिसला की पंप पाठीवर घ्यायची घाई होते. पण तोवर अळी खोडात जाऊन बसलेली असते, वरचे औषध तिच्यापर्यंत फारसे पोचत नाही. नजर ठेवायची ती पतंगावर.

पिवळ्या खोडकिड्याची मादी गवती पिवळी, पुढच्या दोन्ही पंखांवर एकेक काळा ठिपका. नर लहान आणि मळकट, तो चटकन ओळखू येत नाही. मादी पानाच्या शेंड्याकडे पुंजक्याने अंडी घालते आणि ती तपकिरी केसांनी झाकते. लांबून चिखलाचा शिंतोडा वाटतो, म्हणून पान हातात घेऊनच बघा. अंडी साधारण ५ ते ८ दिवसांत उबतात. तेवढेच दिवस आपल्या हाती.

लावणीआधी रोपांचे शेंडे खुडून नष्ट करा. बरेच अंडीपुंज तिथेच संपतात. पतंगांचा अंदाज घ्यायला हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) पुरतात. ट्रायकोग्रामा जॅपोनिकम या, किडीची अंडी संपवणाऱ्या मित्रकीटकाची कार्डे लावायची असतील तर त्या सुमारास फवारणी नको, नाहीतर मित्रकीटकच मरतील.

सुकलेला पोंगा ओढून पाहा. अलगद हातात आला आणि बुडाशी कुरतडलेला असला, तर खोडकिडाच. पोंग्याची कांद्याच्या पातीसारखी नळी झाली असेल तर ती गादमाशी, तिचा उपाय वेगळा. फुटवे येण्याच्या काळात थोडी गाभामर (पोंगे सुकणे) झाली तरी पीक नवे फुटवे काढून ती भरून काढते. पोटरीनंतर, म्हणजे लोंबी खोडात भरू लागल्यावर, मात्र तशी सोय नाही. लोंबी पांढरी, पळींज (दाणे न भरलेली) होते आणि मग फवारून उपयोग नाही.

चौरस मीटरला १ अंडीपुंज किंवा ५ टक्के गाभामर दिसली तरच औषध. क्लोरँट्रानिलीप्रोल ०.४ टक्के दाणेदार हेक्टरी १० किलो, बांधीत (भातखाचरात) थोडे पाणी असताना टाका आणि ३-४ दिवस पाणी सोडू नका. युरियाही हप्त्याहप्त्याने द्या. गर्द हिरव्या, लुसलुशीत पिकावर ही कीड जास्त येते.

कापणी जमिनीलगत करा. उंच ठेवलेल्या धसकटांत अळ्या पुढच्या हंगामापर्यंत सुप्त राहतात, म्हणून शेत लगेच नांगरून धसकटे वेचा.