चक्रीवादळ येतंय म्हटल्यावर कोकणात हमखास होणाऱ्या चुका, या टाळा

अरबी समुद्रात वादळं होतात ती जास्त करून मे-जूनमध्ये आणि परत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आणि दरवेळी व्हॉट्सॲपवर एकच प्रश्न फिरत असतो, "नक्की कुठे धडकणार?" माझ्या मते पहिली चूक तिथेच होते. विचारायला हवं ते हे की माझ्या गावात वारा किती वाजता सुरू होणार, कुठल्या बाजूने येणार आणि तेव्हा भरती आहे की ओहोटी.

नकाशातल्या रेषेवर भरवसा ठेवणं

हवामान खात्याच्या नकाशात पुढे पुढे रुंद होत जाणारा जो पट्टा दिसतो ती वादळाची रुंदी नव्हे, वादळाचं केंद्र साधारण कुठून कुठपर्यंत सरकू शकतं एवढंच तो सांगतो, वारा-पाऊस त्याच्या बाहेरही झोडपतो. निसर्ग वादळाच्या वेळी टीव्हीवर सगळी चर्चा मुंबईची, आणि ३ जून २०२० ला दुपारी केंद्र जमिनीवर आलं अलिबागच्या दक्षिणेला, ताशी ११०-१२० किमी वारा घेऊन. मुंबई बरीचशी वाचली आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या माडापोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या.

त्याला कारण आहे. आपल्याकडे वादळाचा वारा घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, त्यामुळे वादळ पश्चिम किनाऱ्यावर चढतं तेव्हा केंद्राच्या दक्षिणेकडच्या गावांना वारा थेट समुद्रावरून येतो आणि पाणीही सोबत आत ढकलतो, उत्तरेकडच्यांना तो जमिनीवरून येतो. म्हणजे "केंद्र आपल्या उत्तरेला गेलं, सुटलो" हे कोकणात उलटं आहे! त्यात उधाणाची भरती असेल तर पाणी अजून वर चढतं.

तौक्ते वादळ तर धडकलं गुजरातला, १७ मे २०२१ च्या रात्री. पण त्याआधी गोवा, सिंधुदुर्ग, रत्नागिरीला समांतर जाताना नुकसान करत गेलं आणि मुंबईसमोरच्या समुद्रातल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्राजवळ कामगार राहत होते ती पी-३०५ बार्ज बुडून कितीतरी माणसं गेली.

"अजून वादळ झालेलं नाही" म्हणून थांबणं

निसर्ग १ जूनला नुसतं कमी दाबाचं तीव्र क्षेत्र (डिप्रेशन) होतं, २ तारखेला त्याचं चक्रीवादळ झालं आणि ३ ला दारात, म्हणजे नाव पडेपर्यंत थांबलात तर हातात एक दिवस राहतो आणि त्या दिवशी सुताराला, पत्रेवाल्याला, जेसीबीवाल्याला सगळं गाव फोन करत असतं. कमी दाबाची पहिली बातमी आली की कामाला लागायचं, वादळ नाही आलं तरी पत्रे घट्ट झाले आणि धोक्याच्या फांद्या उतरल्या, पावसाळा तर येणारच आहे.

बंदरावर धोक्याच्या इशाऱ्यासाठी लावतात त्या बावट्याचंही तसंच. तीन नंबरचा बावटा इतक्यांदा लागतो की त्याकडे कोणी बघत नाही, पण तो आकडा बंदरासाठी आणि बोटींसाठी असतो, आठ ते दहा म्हणजे मोठा धोका, आणि अकरा म्हणजे इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्कच तुटलाय. बावटा नंतर वाढेल म्हणून होडी बाहेर ठेवू नका, खाडीत आणा, पाणी चढणार हे धरून दोर ढिला ठेवा, आणि राखणीला म्हणून रात्री होडीत कोणीही झोपू नका.

घराच्या बाबतीत

पत्र्यावर दगड किंवा चिरे ठेवणं बंद करा, एवढ्या वाऱ्यात पत्रा उचलला की तो चिरा कोणाच्या तरी डोक्यात जाणार. वारा दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि सगळ्यात जास्त ओढ कडेच्या आणि वरच्या रांगेला बसते, तर पत्रे धरून ठेवणारे गंजलेले जे-हूक आधी तिथले बदला. काचेला चिकटपट्टी लावून काच वाचत नाही. आणि "दाब सारखा राहतो" म्हणून खिडक्या उघड्या ठेवतात ते तर अजिबात करू नका, वारा आत शिरला की छप्पर आतून उचलतो.

मध्येच सगळं शांत झालं तर बाहेर पळू नका! वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, डोक्यावर असू शकतो, थोड्या वेळाने वारा उलट्या बाजूने येतो.

घर कच्चं असेल तर आदल्या दिवशीच उजेडात शाळेत किंवा पक्क्या घरी जा. ओडिशात १९९९ च्या वादळात जवळपास दहा हजार माणसं गेली, २०१३ ला फायलिन आलं तेव्हा लाखो लोकांना आधीच हलवलं होतं आणि मृत्यू काही डझनांवर थांबले. वाडीत एकटं कोण राहतं, कोणाला उचलून न्यावं लागेल, ही यादी ग्रामपंचायतीकडे आणि वाडीतल्या पोरांकडे आधीच हवी.

वारा थांबला म्हणजे संपलं असं समजणं

निसर्गनंतर कित्येक गावांत काही आठवडे लाईट नव्हती. लाईट नाही म्हणजे पंप नाही, पाणी नाही, एटीएम नाही, टॉवर बंद, पेट्रोल पंप बंद, आणि मुंबईतले चाकरमानी फोन लावून लावून थकतात. पिंप भरून ठेवा, रोख पैसे आणि महिन्याची औषधं काढून ठेवा, आणि तालुक्याबाहेरचा एक नातेवाईक ठरवा, एसएमएस गेला की तो बाकीच्यांना कळवेल. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ नंबर कागदावर लिहून भिंतीला चिकटवा.

जनरेटर घरात लावू नका, धुराने झोपेतच माणूस जातो. मेन स्विच बंद न करता तो घराच्या वायरिंगला जोडला तर करंट बाहेरच्या तारेत जातो आणि खांबावर चढलेला वायरमन मरू शकतो. पडलेल्या तारेला काठीनेही हात लावायचा नाही. विहिरीत खारं किंवा गढूळ पाणी शिरलं असेल तर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून, तपासून घेतल्याशिवाय प्यायला नको.

आणि साफसफाईची घाई करू नका. पंचनाम्याआधीच पडलेले माड कापून टाकले की मोजायला काही उरत नाही. आधी प्रत्येक झाडाचे, छपराचे फोटो काढा, तारीख दिसेल असे, मग रस्ता मोकळा करा. सातबारा सामाईक असेल, आणि आपल्याकडे बहुतेकांचा असतोच, तर कोणाची झाडं किती हे भावाभावांत आताच लिहून ठेवा, तलाठी दारात उभा असताना ते ठरत नाही.