गावातलं जुनं महादेवाचं मंदिर बघायचं कसं

आधी आत जाऊ नका. चपला काढा आणि बाहेरून सावकाश एक प्रदक्षिणा मारा, नजर जोत्यावर ठेवून. दगडाला दगड कसा बसलाय ते बघा, मध्ये चुना दिसतो का? यादवकाळातल्या कामात चुना सहसा नसतो, दगडाला खाच पाडून एकात एक अडकवलेले असतात आणि वरच्या वजनानेच सगळं जागेवर राहतं, आठशे वर्षं झाली तरी.

मग नजर वर न्या आणि जिथं दगड संपून विटा-चुना सुरू होतो तिथं थांबा. ती रेघ सापडली की मंदिराचा निम्मा इतिहास कळला म्हणून समजा. औंढा नागनाथला जाऊन बघा, खाली काळ्या दगडात हत्तींच्या, देवतांच्या कोरीव रांगा आणि वर नंतरच्या काळातलं पांढरं शिखर, म्हणजे एकाच मंदिरात दोन वेगळे काळ उभे आहेत.

आणि प्लीज, काळा दगड दिसला की लगेच हेमाडपंती म्हणू नका. ते नाव ज्याच्यावरून पडलं तो हेमाद्री पंडित, म्हणजेच हेमाडपंत, हा यादवराजा महादेव आणि रामचंद्र यांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. देगलूरजवळच्या होट्टलची मंदिरं कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली, त्याच्या कितीतरी आधीची, तरी लोक सरसकट तेच नाव द्यायलेत.

आता आत या, पण दारात थांबा. उंबऱ्यावर डोळे वटारलेलं, दात विचकलेलं तोंड असेल, ते कीर्तिमुख, आणि वर चौकटीच्या मधोमध बहुतेक ठिकाणी गणपती किंवा गजलक्ष्मी. दोन्ही बाजूंच्या उभ्या कोरीव पट्ट्यांना शाखा म्हणतात, त्या मोजा, तीन का पाच का सात, जितक्या जास्त तितकं काम खर्चिक.

सभामंडपात खांब बघताना खालून वर जा, चौकोनी, मग अष्टकोनी, मग गोल, आणि अगदी वर हात वर करून छताचा भार पेलणारे बुटके कीचक. छत बघायचं तर सरळ फरशीवर उताणं झोपा, लाज वाटू देऊ नका, मान वर करून पाच मिनिटांत दुखायला लागते आणि खरी कारागिरी तर तिथंच आहे, कोपऱ्यांवर तिरके दगड टाकत टाकत वरची जागा लहान केलेली असते आणि शेवटी मधोमध एकच दगड, त्यावर बऱ्याचदा कमळ.

माझ्या मामाच्या गावात त्या कीर्तिमुखाला निळा ऑइल पेंट दिलाय, तीन-तीन हात, दातांमधल्या फटी पार बुजून गेल्यात. देणाऱ्यांनी भक्तीनेच दिला, पण दगडावरचं बारीक काम त्याखाली गेलं ते गेलंच, बघताना जीव तुटतो. त्यामुळं रंगाचा विषय निघाला की गावातल्या मोठ्या माणसांशी आधीच बोला, पारावर बसून, शांतपणे. ऐकतात लोक.

शिलालेख सापडला तर त्यावर खडू, चुना, पीठ काही घासू नका. संध्याकाळी मोबाईलचा टॉर्च दगडाला चिकटवून बाजूनं तिरका मारा, सावलीमुळं अक्षरं आपोआप उठून दिसतात. देवनागरी लागली नाही तर घाबरू नका, नांदेड, लातूर, धाराशिवकडं हळेकन्नड, म्हणजे जुन्या कन्नडमधले लेख पुष्कळ आहेत. शक दिसला तर त्यात 78 मिळवा, शके 1184 म्हणजे साधारण 1262 साल.

जाता जाता बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, आणि पिंपळाखालचे उभे दगड बघा. खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला वर न्यायलेत, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, हा वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड, खालून वर वाचायचा. कोपरात वाकलेला बांगड्यांचा हात असेल तर तो सतीचा दगड. बरेच जण त्यावर कपडे धुतात किंवा म्हैस बांधतात, तर फोटो आजच काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि कुठल्या दिशेला कुठं होता ते तारखेसकट वहीत लिहून ठेवा.