माग चालू असताना मुलाखत घेऊ नका (पहिल्या शूटची तयारी)

पहिल्या व्हिडिओसाठी कॅमेरा कुठला घेऊ दादा, हे विचारणारा मेसेज मला आठवड्यातून दोनदा तरी येतो आणि माझं उत्तर ठरलेलं असतं, कॅमेरा राहू दे बे, आधी माईक घे. खिशातला मोबाईल चालतो. वायरवाला साधा कॉलर माईक हजाराच्या आत मिळतो, तो घ्या, आणि निघायच्या आधी घरातच दहा सेकंद रेकॉर्ड करून हेडफोन लावून ऐका. नुसतं रेकॉर्ड करून भागत नाही, ऐका.

हे मी शिकलो ते आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात. तिथले एक मामा मागापाशी, म्हणजे विणायच्या यंत्रापाशी, उभे राहून चाळीस मिनिटं बोलले, मधेच धोटा (आडवा धागा नेणारा) हातात घेऊन अंगठ्याने त्याचं टोक कसं बघायचं ते दाखवलं, मी खूश. घरी येऊन लावलं तर नुसतं खडखट खडखट आणि मामांचे ओठ हलतायत. दुसऱ्या दिवशी परत गेलो तर म्हणाले, काल सांगितलं की तुला, आणि पाच मिनिटांत आटपलं.

तर मुलाखत जेवणाच्या सुट्टीत घ्या, नाहीतर बाहेर कट्ट्यावर बसवून. मागाचा आवाज वेगळा, मिनिटभर, कोणी न बोलता घ्यायचा आणि एडिटिंगमध्ये बोलण्याखाली हळू आवाजात टाकायचा. जिथं मुलाखत घेतली तिथली शांतता पण तीसेक सेकंद रेकॉर्ड करा, कट जोडताना उपयोगी पडते. वाक्यांमधे एकदम मुकं झालं की ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

शॉटचं म्हणाल तर आधी हात, मग चेहरा, मग लांबून सगळा शेड, मग त्याच्या खांद्यावरून त्याला काय दिसतंय ते, आणि एक जरा वेगळाच, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या जकार्डचे भोकं पाडलेले पुठ्ठे वर सरकताना खालून. प्रत्येक शॉट दहा सेकंद हलवायचा नाही, मनात आकडे मोजा. झूम तर करूच नका, चार पावलं चालत पुढं जा. शेडमध्ये ट्यूबलाईट लुकलुकताना दिसली तर सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 ठेवा, आपली वीज 50 हर्ट्झची असते म्हणून ते जुळतं.

मोबाईलमधली जागा आदल्या रात्रीच मोकळी करा, गुड मॉर्निंगचे फोटो आधी उडवा. 1080 वर मिनिटाला शंभर-सव्वाशे एमबी सहज जातात, फोरकेच्या नादाला सध्या लागू नका. एअरप्लेन मोड लावा, नाहीतर ऐन मुलाखतीत आत्याचा फोन येतो. एप्रिल-मेमध्ये सकाळीच उरका, दुपारी आपल्याकडं फोन पण तापून बंद पडतो.

पूर्व भागात बरेच म्हातारे लोक घरी तेलुगूच बोलतात, त्यांना ओढून ताणून मराठीत बोलायला लावू नका, तेलुगूत बोलू द्या, खाली मराठी सबटायटल द्या. तेलुगू येणारा एखादा मित्र सोबत न्या. नाव आणि गाव त्यांच्याच तोंडून कॅमेऱ्यावर म्हणवून घ्या, पुढं स्पेलिंगचा घोळ होत नाही.

सगळंच व्हिडिओत कोंबायचं नसतं. मजुरीचा हिशोब मजकुरात किंवा छोट्या तक्त्यात द्या, पुठ्ठ्याची नक्षी फोटोत, मागाचा आवाज ऑडिओत. सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर काही करणार असाल तर धनशेट्टी, कुर्बान हुसेन, सारडा, शिंदे ही नावं आणि फाशीची तारीख-जागा, 12 जानेवारी 1931, येरवडा, हे आधी कागदावर लिहून तपासा, व्हॉइसओव्हर नंतर.

आणि पहिला व्हिडिओ गड्ड्याचा, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचा, करायला जाऊ नका राव. संमती कट्ट्यावर अक्षता पडतात तेव्हा गर्दीत हात वर काढायला जागा नसते, तिथं सगळ्यांकडं एकसारखाच, माणसांच्या डोक्यांचा शॉट येतो. त्यापेक्षा आदल्या आठवड्यात ज्या घरात यात्रेत घालायच्या बाराबंदीला इस्त्री चालू आहे तिथं जा, विचारून जा, लहान पोरं दिसणार असतील तर आईबापांना आधी सांगा.

चार्जर, पॉवर बँक, पाण्याची बाटली. हां, आणि एक्स्टेंशन बोर्ड राहिलाच, कारखान्यात प्लग असतो पण तो नेमका मागाच्या पलीकडं असतो.