वीस हजारातली हायब्रिड सायकल: घेताना आणि घेतल्यावर या चुका टाळा

सायकल घ्यायची म्हटलं की दुकानात पाय टाकल्या टाकल्या आपला पहिला प्रश्न 'किती गियरची?' आणि दुसरा 'डिस्क आहे का?'. मीपण हेच विचारलं होतं. उत्तरं एकदम झकास मिळाली, एकवीस गियर, दोन्ही चाकांना डिस्क, पुढे शॉकअप, वर 'मॅडम लास्ट पीस आहे, डिस्काउंट करून देतो', आणि मी साडेसोळा हजार मोजून खुशीत घरी आले. सहा महिन्यांनी तीच सायकल सोसायटीतल्या एका कॉलेजच्या पोराला निम्म्या पैशात देऊन टाकली. त्याला मस्त बसते ती. तो पाच फूट नऊ आहे, मी पाच तीन.

आता दुसरी सायकल आहे, तिला तीन वर्षं झाली. पुण्यात कोथरूड डेपोपासून चांदणी चौकाचा चढ, मग पाषाण, मग बाणेरला ऑफिस, आठवड्यातून तीन-चार दिवस. त्यामुळे मैत्रिणी, भाऊ, भावाचे मित्र सगळे विचारतात कुठली घेऊ, आणि मी मॉडेल न सांगता आधी उंची विचारते, मग त्यांना वाटतं ही भाव खातेय.

साइज न बघता घेणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण बाकी सगळं नंतर बदलता येतं, फ्रेम नाही. दुकानदार काय करतो तर सीट खाली करून देतो, तुमचे पाय जमिनीला टेकतात, तो म्हणतो 'बघा, बसली की व्यवस्थित'. पाय टेकणं म्हणजे बसणं नाही. सीट खाली केल्याने हँडल जवळ येत नाही ना! माझ्या पहिल्या सायकलवर मी अक्षरशः हँडलकडे हात ताणून लोंबकळल्यासारखी चालवायचे, पंधरा मिनिटांत तळव्याला मुंग्या, संध्याकाळी मान धरलेली, आणि मला वाटायचं सवय नाही म्हणून होतंय, होईल सवय.

दुकानात दोन गोष्टी करून बघा. सीटच्या पुढे येऊन दोन्ही पाय जमिनीवर ठेवून मधल्या दांडीवर उभे रहा, दांडी आणि तुमच्यामध्ये दोन-तीन बोटं तरी जागा पाहिजे. मग सीट नीट उंचीला लावून बसा आणि हँडल धरा, कोपर थोडंसं वाकलेलं राहिलं पाहिजे, हात काठीसारखे ताठ होत असतील तर फ्रेम मोठी आहे. दोन साइजच्या मध्ये अडकलात तर लहान घ्या, लहान फ्रेमची सीट वर काढता येते, मोठी फ्रेम लहान करता येत नाही.

सीटची उंची घरीच काढता येते. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं रहायचं, एक जाड पुस्तक दोन पायांच्या मध्ये सीटसारखं वर दाबून धरायचं आणि कुणाला तरी जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजायला सांगायचं. त्याला ०.८८ ने गुणायचं. माझे ७४ सेंटिमीटर आले, म्हणजे साधारण ६५, एवढं अंतर पॅडलच्या दोन्ही दांड्या ज्यावर फिरतात त्या मधल्या धुऱ्यापासून सीटच्या वरच्या भागापर्यंत. अगदी देवाने लिहून दिलेला आकडा नाही हा, अर्धा-एक सेंटिमीटर इकडेतिकडे चालतं, पण सुरुवात इथून करा.

शॉकअप आणि डिस्कला भुलणं

हायब्रिड म्हणजे काय, तर रोड बाइकसारखी मोठी, ७००सी मापाची चाकं, एमटीबीसारखं (म्हणजे माउंटन बाइकसारखं) सरळ हँडल आणि मधल्या जाडीचे टायर. रस्त्यावर पळायला हलकी, खड्ड्यात घाबरायला नको, एवढंच. आता या किमतीत पुढे जो शॉकअप देतात तो आत साधी स्प्रिंग असतो, साध्या फोर्कपेक्षा (आपला जुना चिमटा हो) वजन एखाद किलो तरी सहज जास्त, आणि चढावर उभं राहून जोर लावला की सायकल पुढे जायच्या ऐवजी खाली-वर डुलते. चांदणी चौकाच्या चढावर मी पॅडल मारतेय आणि शॉकअप मस्त झोके घेतोय, हे रोजचं. लॉक करायचं बटण असेल तर थोडं बरं, पण वजन काय उतरत नाही. पुण्यातल्या खड्ड्यांना खरं उत्तर टायर आहे, ३८-४० मिलिमीटरचे टायर आणि त्यात बरोबर हवा, शॉकअपचं निम्मं काम तिथेच होतं.

डिस्कचं मात्र मी दोन्ही बाजूंनी बोलेन. पावसात डिस्क चांगलीच, साध्या व्ही-ब्रेकला (दोन्ही बाजूंनी रिमवर रबर दाबणारा) ओली रिम आधी पुसावी लागते मग तो धरतो, हा फरक खरा आहे. पण स्वस्त केबलच्या डिस्कमध्ये बऱ्याचदा एकाच बाजूचा पॅड हलतो, सेटिंग जरा हललं की खर्र खर्र घासायला लागतं, आणि ते सेट करणारा माणूस दर चौकात मिळत नाही. व्ही-ब्रेकचे रबर कुठेही मिळतात, एका ॲलन कीने घरी बदलता येतात. माझा सल्ला विचाराल तर वीसच्या आत साधा फोर्क आणि बरे व्ही-ब्रेक. जून ते सप्टेंबर खरंच रोज चालवणार असाल तर डिस्क घ्या, फक्त दिसायला भारी म्हणून नको.

गियर मोजणं, दाते न मोजणं

२१ गियर म्हणजे पुढे ३ आणि मागे ७, झालं. त्यातले कितीतरी जवळजवळ सारखेच असतात. चढावर तुम्हाला वाचवतो तो एकच, पुढचं सगळ्यात लहान चक्र आणि मागचं सगळ्यात मोठं. त्याचे दाते विचारा, दुकानदाराला माहीत नसेल तर मोजा, लाजू नका. पुढे २८ आणि मागेही २८ असेल तर पॅडलच्या एका फेरीत चाकाची एक फेरी होते, म्हणजे ३५च्या टायरवर साधारण २.१७ मीटर पुढे जाता. मागे ३४ दाते असतील तर तेवढ्याच फेरीत १.७९ मीटर. आकड्यात फरक बारीक वाटतो, पण चढावर हाच फरक म्हणजे बसून वर जाणं आणि उतरून ढकलत नेणं.

आणि गाडी घेतल्यावर पहिले काही महिने सगळेच करतात ती चूक, जड गियरवर दात-ओठ खात चालवायचं, का तर 'व्यायाम होतो'. व्यायाम गुडघ्यांचा होतो, तोही नको तसा. गियर हलका ठेवा, पाय मिनिटाला सत्तर-ऐंशी फेऱ्या मारू देत, दम लागला पाहिजे मांड्या जळायला नकोत. आणि पुढचं सगळ्यात मोठं नि मागचं पण सगळ्यात मोठं असं एकत्र चालवू नका, चेन तिरकी ओढली जाते, आवाज करते, लवकर झिजते.

सगळे पैसे सायकलीतच घालवणं

हेल्मेट, कुलूप, पुढचा पांढरा मागचा लाल लाइट, पंप, मडगार्ड, स्टँड. हे सगळं धरून तीन-चार हजार सहज जातात, म्हणून बजेट वीस असेल तर सायकल सोळाचीच बघा. फ्रेमला मडगार्ड आणि कॅरियर लावायला आटे असलेली भोकं आहेत का तेही बघा, मागच्या चाकाच्या धुऱ्याजवळ असतात. माझ्या पहिल्या सायकलीला नव्हती, क्लिपवालं मडगार्ड लावलं होतं, ते पावसाळ्यात फक्त नावाला, ऑफिसात पोचले की पाठीवर मधोमध चिखलाची पट्टी. कॅरियरला बॅग लटकवली की पाठ घामाने भिजत पण नाही, हा फायदा कुणी सांगत नाही.

किमतीचं एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. जुन्या स्टॉकवर जुनी छापील किंमत असेल तर 'डिस्काउंट' म्हणून तुम्हाला तो कमी झालेला करच परत देतायत का, एवढं विचारून घ्या.

खोक्यातून आलेली सायकल

ऑनलाइन मागवली की सायकल बहुतेक जोडलेली येते, पुढचं चाक, हँडल, पॅडल आणि सीट आपण लावायची. आमच्या मजल्यावरच्या काकांनी अशीच मागवली, हौसेने रविवारी सकाळी जोडली, आणि मला म्हणाले, 'अगं, ही वळताना विचित्रच वाटते, जरा बघ बरं.' बघते तर फोर्क उलटा. हँडल पुढे, चिमट्याचं तोंड मागे! पुढच्या चाकाचा ब्रेक फोर्क आणि फ्रेमच्या मध्ये लपलेला होता. व्ही-ब्रेक नेहमी फोर्कच्या पुढच्या बाजूला दिसला पाहिजे, डिस्क असेल तर ती चालवणाऱ्याच्या डाव्या हाताला. काकांना दोन मिनिटांत फिरवून दिला, पण त्याच उत्साहात त्यांनी डावं पॅडलपण पान्ह्याने उजवीकडे पिळून पिळून बसवलं होतं आणि क्रँकचे (पॅडल ज्या दांडीत बसतं ती) आटे मारले होते. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, ते डावीकडे फिरवून घट्ट होतं. पॅडलवर एल आणि आर कोरलेलं असतं, ते बघा, आधी बोटांनी चार-पाच फेऱ्या फिरवा, सहज गेलं तरच पान्हा लावा. काकांना नवीन क्रँक आणावा लागला.

घेतल्यावर होणारे त्रास

शंभर-दीडशे किलोमीटर झाले की गियर अडकायला लागतात, चेन मागच्या मोठ्या चक्रावर चढता चढत नाही, आणि लोक म्हणतात सायकलच खराब निघाली. खराब काही नसतं, नवीन केबल आणि तिचं आवरण जागेवर बसून केबल सैल पडते एवढंच. केबल मागच्या डिरेलरमध्ये (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) किंवा शिफ्टरमध्ये (हँडलवरचा गियरचा खटका) शिरते तिथे हाताने फिरवायची छोटी गोल घुंडी असते, ती घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरी फिरवा, गियर टाकून बघा, परत पाव फेरी. डिरेलरवर एच आणि एल लिहिलेले स्क्रू असतात, त्यांना हात लावू नका, ते यासाठी नाहीत, ते चुकले तर चेन तारांमध्ये जाऊन पडते.

गुडघा पुढून दुखतोय तर बहुतेक वेळा सीट खाली आहे, मागून दुखतोय तर वर. टाच पॅडलवर ठेवून पॅडल तळाला न्या, पाय सरळ झाला पाहिजे, मग चवडा ठेवून चालवताना गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो. एकदम दोन इंच हलवू नका, अर्धा सेंटिमीटर, मग दोन-तीन दिवस चालवा. तरी दुखत राहिलं तर डॉक्टरला दाखवा, सायकलच्या माथी मारत बसू नका.

चेनला स्कूटरचं उरलेलं इंजिन ऑइल घालू नका, धूळ चिकटून काळं पीठ होतं. डब्ल्यूडी-४० ने पुसून घेतलं तर ठीक, पण त्यानंतर चेनचं तेल घालायलाच लागतं, नाहीतर पावसात एका रात्रीत तांबूस गंज.

राहिली हवा. बोटाने दाबून 'कडक आहे' म्हणणं बंद करा, मीटरवाला पंप घ्या. टायरवर बाजूला किती ते किती पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ते छापलेलं असतं, त्याच्या आत, साधारण सत्तर किलोच्या माणसाला ३५च्या टायरमध्ये साठच्या आसपास, आणि दर आठवड्याला बघायची कारण ट्यूबमधून हवा आपोआप थोडी थोडी उतरतेच. हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिम आणि टायरच्या मध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. साप चावल्यासारखी. काट्याचं एकच असतं, त्यामुळे दोन दिसली की समजायचं चूक आपलीच.

माझी दोन भोकं पाषाणला पडली, सव्वानऊ वाजता, साडेनऊला मीटिंग. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्या दादांनी ठिगळ लावलं ते परत सुटलं, मग म्हणाले, 'ताई, अठ्ठावीसची ट्यूब आहे, टाकतो.' ती आपल्या जुन्या काळ्या सायकलीची अठ्ठावीस, तिची रिम ६३५ मिलिमीटरची आणि ७००सीची ६२२. तिचा टायर ७००सीला अजिबात चालत नाही, ट्यूब ओढूनताणून बसते. दादांनी ती बसवलीही, पण तिचा व्हॉल्व्ह (हवा भरायचं तोंड) वेगळा, माझ्या पंपाचं तोंड त्याला लागेना. शेवटी त्यांच्याच पंपाने भरून निघाले, मीटिंगला दहाला पोचले, आणि संध्याकाळी येताना ७०० बाय ३५ लिहिलेली एक ट्यूब नि टायर रिमवरून उचकटायचे दोन प्लॅस्टिकचे टायर लिव्हर घेतले. ते अजून सीटखालच्या पिशवीत आहेत, पोराने विकत घेतलेल्या माझ्या जुन्या सायकलीसाठी दोनदा कामाला आलेत, माझ्यासाठी एकदाही नाही.