स्प्रेडशीट सोडली आणि अवयव सापडले

१ पासूनचे आकडे सलग चिकटवून होणाऱ्या संख्यांचे मूळ अवयव काढत होतो. १२३४५६७ = १२७ × ९७२१ वगैरे स्प्रेडशीटमध्ये मस्त निघालं. १३ पर्यंत गेलो आणि उत्तर आलं, २ ने भाग जातो! शेवटी ३ असलेली संख्या सम कशी? सेल नीट पाहिला तर १२३४५६७८९१०१११२००. तिथे १५ अंकांपुढे सरळ शून्यं भरली जातात, आपली संख्या १७ अंकी.

उपाय म्हणजे अख्खी संख्या बनवायचीच नाही, फक्त बाकी पुढे न्यायची. ११३ ने भाग जातो का, याचं उदाहरण: ९ पर्यंतच्या संख्येची बाकी १०८. पुढचा आकडा दोन अंकी, म्हणून १०८ × १०० + १० = १०८१०, बाकी ७५. मग ७५११, बाकी ५३. ५३१२, बाकी १. आता १३ जोडले की ११३, बाकी शून्य! हे कागदावरही होतं.

३ साठी एवढंही नको: शेवटी चिकटवलेला आकडा (इथे १३) ३ ने भागून १ उरत असेल तरच ३ चा भाग जात नाही.

११३ ने भागून उरलेला भागाकार पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेला दिला, तिथे पूर्णांकाला अंकांची अशी मर्यादा नाही. उत्तर आलं १२५६९३ × ८६९२११४५७.